श्वासाविषयी लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

श्वसनसंस्थेची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढलेली असते. नाक, श्वासनलिका, दोन फुप्फुसं, खाली एक वाकडी रेघ. पण दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत किंवा ट्रेकला जाताना लोक जे विचारतात ते त्या आकृतीत सापडत नाही. असे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं एक मत आधीच सांगून टाकतो: श्वास ‘घेण्या’चं आपण जरा जास्तच कौतुक करतो. श्वासाच्या बहुतेक गोष्टी ‘सोडण्या’च्या बाजूने पाहिल्या की लवकर समजतात.

फुप्फुसं हवा आत ओढतात म्हणजे नेमकं काय करतात?

स्वतःहून काहीच करत नाहीत. फुप्फुसाला फुगवेल असा स्नायू फुप्फुसात नाही. काम करतात ते श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पातळ स्नायू. तो आकसला की घुमट सपाट होत खाली उतरतो, शांत बसलेले असताना एक-दोन सेंटिमीटर आणि खूप खोल श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंत. त्याच वेळी बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात. छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि हवा आपोआप आत येते.

आता छाती फुगली म्हणून फुप्फुस का फुगावं? ते छातीला शिवलेलं नाही. फुप्फुसावर एक आणि छातीच्या आतल्या बाजूला एक अशी दोन पातळ आवरणं असतात आणि मध्ये थोडासा द्रव. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सरकतात, पण सुट्या होत नाहीत, तसं हे आहे. अपघातात बरगडी घुसून या फटीत हवा शिरली की ती पकड सुटते आणि फुप्फुस आक्रसून बसतं. मग कितीही जोर लावला तरी त्या बाजूला हवा नीट भरत नाही.

बसल्या जागी श्वास सोडायला मात्र स्नायूंचा जोर लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचिकपणामुळे मूळ आकाराकडे परत येतं, एवढंच.

तोंडाने श्वास घेतला तर काय बिघडतं?

धावताना काही बिघडत नाही, तेव्हा घ्यावाच लागतो. पण रोजचं काम नाकाचं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना हाडांच्या वळ्या असतात, त्यांवर रक्ताने भरलेलं ओलं अस्तर. हवा तिथून वळत जाते तेव्हा गरम आणि ओली होते, मोठी धूळ चिकट द्रावात अडकते. जानेवारीतल्या नाशिकच्या पहाटेची कोरडी गार हवासुद्धा फुप्फुसात खोल पोचेपर्यंत ३७ अंशांची आणि पूर्ण दमट झालेली असते. मूल झोपेत कायम तोंड उघडं ठेवत असेल, घोरत असेल, तर नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का ते कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घ्यावं.

ठसका का लागतो? आणि शेंगदाणा अडकला तर?

घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच असतो. पुढे श्वासनलिका समोर आणि अन्ननलिका मागे अशी फाटाफूट होते. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण मिटतं आणि तेवढा वेळ श्वास थांबतो. घास तोंडात असताना बोललो किंवा हसलो की हे वेळापत्रक चुकतं. कोणी आठवण काढली म्हणून ठसका लागतो असं आजी सांगते. आठवण कुणीही काढो, जेवताना गप्पा आपणच मारत असतो.

मोठ्या माणसाचं ठसक्यावर निभावतं. लहान मुलाचं तसं नाही. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, दाढा आलेल्या नसतात, आणि तोंडात काही असताना पळणं चालूच असतं. श्वासनलिका छातीत दोन श्वसनींत विभागते. उजवी जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाणारी, म्हणून आत गेलेली वस्तू बहुधा उजवीकडे सापडते. शेंगदाणा तिथे ओलाव्याने फुगतो आणि त्यातल्या तेलाने आतलं अस्तर सुजतं. पहिला ठसका थांबतो, मूल खेळायला लागतं आणि घरचे निर्धास्त होतात. मग काही दिवसांनी एकाच बाजूला न्यूमोनिया होतो, औषध घेतलं की बरा वाटतो आणि पुन्हा उलटतो. ‘त्या दिवशी शेंगदाणे खाताना ठसका लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना सांगितलं तर निदान तिथेच निम्मं होतं.

इथे बोरन्हाणाबद्दल बोलायलाच हवं. संक्रांतीनंतर वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, हलवा ओततात आणि बाकीची चिल्लीपिल्ली ते वेचून तोंडात टाकतात. प्रथा गोड आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. चुरमुरे आणि पाकीटबंद खाऊ वापरा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती अख्खे दाणे, हरभरे, हलव्याचे कडक दाणे आणि बोराच्या बिया पडू देऊ नका.

मूल जोरात खोकत, रडत असेल तर हवा जाते आहे. त्याला खोकू द्या आणि दवाखान्यात न्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली ठेवून खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने पाच दाब, आलटून पालटून. मोठ्या मुलाला किंवा माणसाला पाच थापा पाठीवर आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन लावावा. न दिसणारी वस्तू काढायला तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

हवा फुप्फुसात पोचल्यावर ऑक्सिजन रक्तात कसा जातो?

श्वसनीला फाटे फुटत जातात, त्यांना पुन्हा फाटे, साधारण तेवीस वेळा. शेवटी वायुकोश येतात, हवेचे बारीक फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटींच्या घरात असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांची जागा व्यापतील. वायुकोश आणि केशवाहिनी (केसासारखी बारीक रक्तवाहिनी) यांच्यामधली भिंत एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ. त्यातून ऑक्सिजन दाट बाजूकडून विरळ बाजूकडे जातो आणि कार्बन डायऑक्साइड उलटा. पंप नाही, झडप नाही. तांबडी पेशी वायुकोशाजवळून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि निरोगी माणसात त्यातल्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच तिचा ऑक्सिजन भरून झालेला असतो. धावताना रक्त वेगाने वाहतं तेव्हा हाच शिल्लक वेळ उपयोगी पडतो.

शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि त्यातला जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला धरून. नुसता विरघळलेला ०.३ मिलिलिटर. म्हणून हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईला फुप्फुसं ठणठणीत असूनही जिना चढताना धाप लागते.

सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन उरतो का?

भरपूर. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के असतो, सोडलेल्या हवेत सुमारे १६. म्हणून तर तोंडाने तोंडात श्वास देऊन माणूस वाचवता येतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेलेला असतो. शंभर पट. शरीराचा डोळा त्याच्यावर असतो.

श्वास रोखला की जीव कासावीस होतो, तो ऑक्सिजन संपतो म्हणून ना?

नाही. या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो.

मेंदूच्या बुडाशी, मान सुरू होते तिथल्या भागात श्वासाचं नियंत्रण असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की आम्लता वाढते आणि ती या भागाला लगेच कळते. तो स्नायूंना हुकूम सोडतो. श्वास रोखल्यावरची तगमग मुख्यतः या साठलेल्या वायूची असते. ऑक्सिजन मोजणाऱ्या पेशीसुद्धा आहेत, मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्यापाशी. श्वासाच्या नियंत्रणात त्यांचं काम काय, हे शोधल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेई हेमन्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय त्या जोरात ओरडत नाहीत.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही जिवाशी गाठ असलेल्या आहेत.

पहिली, विहिरीत बुडी मारण्याआधी पोरं दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेतात, जास्त वेळ पाण्याखाली राहता यावं म्हणून. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, तो आधीच जवळजवळ पूर्ण असतो. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तगमग उशिरा सुरू होते. तोवर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पट्टीचा पोहणारा पाण्यातच बेशुद्ध होतो. हात-पाय न मारता, शांतपणे.

दुसरी, बंद जागा. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. जाणता माणूस पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच आत उतरत नाही, हवा खेळू देतो. साठवलेला माल आणि त्यावरचे जीवजंतू आतला ऑक्सिजन वापरून टाकतात. जुनी आड-विहीर, गटाराचं चेंबर, सेप्टिक टँक यांचंही तेच, वर विषारी वायूंची भर. ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या हवेत दोन-चार श्वासांत शुद्ध जाते, ‘गुदमरतंय, वर या’ असं सांगायला सवड मिळत नाही. मग वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. कंदील सोडून पाहण्याच्या रीतीवरही भिस्त ठेवू नका. ज्योत ऑक्सिजन कमी असल्याचं सांगेल, विषारी वायूचं सांगणार नाही, आणि मैल्याच्या टाकीत मिथेन असेल तर भडका उडेल.

तिसरी, करोना. २०२१ च्या लाटेत ऑक्सिजनची पातळी ८० च्या घरात असलेली माणसं फोनवर बोलत बसलेली डॉक्टरांनी पाहिली. कार्बन डायऑक्साइड वायुकोशाच्या भिंतीतून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज पार होतो. फुप्फुस सुजलं तरी तो निघून जात राहतो, म्हणून दम लागल्याची जाणीव उशिरा होते. घरच्या घरी सहा मिनिटं चालून ऑक्सिमीटर लावायला सांगत होते, ते याच कारणाने.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

बराच, पण डोळे मिटून नाही. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो: लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून जाताना किती शोषला जातो त्यावरून हिमोग्लोबिन किती भरलंय ते काढायचं. ९५ च्या वर ठीक. हात गार असेल, नखांवर गडद पॉलिश किंवा दाट मेंदी असेल, बोट हलत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दाखवू शकतो. आणि एका ठिकाणी तो साफ फसतो, ते पुढच्या प्रश्नात.

गॅस गीझरने माणूस कसा दगावतो? गॅस तर गळत नव्हता.

गॅस गळावा लागत नाही. बंद बाथरूममध्ये ज्योतीला हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. कार्बन डायऑक्साइड साठत नाही, त्यामुळे गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं बळ जातं आणि दाराची कडी काढायचं राहून जातं. ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवेल, कारण मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवणं हाही तोच प्रकार.

दमा असलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, की सोडता येत नाही?

त्याला विचाराल तर तो ‘घेता येत नाही’ म्हणेल. खरा अडथळा सोडताना असतो. दम्यात बारीक श्वासनलिका सुजतात, त्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट बेडका साठतो. श्वास घेताना छाती फुगते, तिच्याबरोबर या नलिकाही ताणून थोड्या उघडतात. सोडताना त्या मिटायला लागतात. हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. प्रत्येक श्वासाला थोडी शिल्लक साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि मग नव्या हवेला जागाच उरत नाही. छातीतली शिट्टीही म्हणूनच सोडताना जास्त ऐकू येते. ती शिट्टी अचानक बंद झाली आणि दम मात्र वाढला, तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा जाणं-येणंच थांबत आल्याची ती खूण आहे, तडक रुग्णालय गाठा.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य महाराष्ट्रातून हद्दपार व्हायला हवं. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाची (इनहेलरची) एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची असते, त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट. गोळी सगळ्या अंगभर फिरून हात थरथरवते, पंप हवं तिथेच पोचतो. तरीही लोक गोळीला साधं औषध समजतात आणि पंपाला शेवटचा उपाय. पंप दोन प्रकारचे: लगेच मोकळं करणारा आणि रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. मोकळं करणाराच वारंवार लागत असेल तर रोग आटोक्यात नाही, रोजचं औषध बदलून घ्यायची वेळ आली आहे. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. लहान मुलांना स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावूनच द्या.

प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन वाढतो का?

निरोगी माणसात रक्त आधीच ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं, त्यात वाढणार किती? पण हळू आणि खोल श्वासाला अर्थ आहे, आणि तो साध्या हिशेबाने दिसतो. एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा. त्यातली साधारण १५० नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते, वायुकोशापर्यंत पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६ लिटर हवा आत, उपयोगाची ४.२ लिटर. आता तीच ६ लिटर हवा २४ उथळ श्वासांत घ्या, २५० ची एक. दर श्वासाला उपयोगाची १०० उरते, म्हणजे २.४ लिटर. मेहनत दुप्पट, मिळकत जवळजवळ निम्मी.

सावकाश सोडण्याने नाडीही संथ होते, मन निवतं. एवढं पुरे आहे. त्यावर ‘कर्करोग बरा होतो’ असलं काही चढवायची गरज नाही. जोरजोरात भात्यासारखे श्वास टाकणारे प्रकार मात्र रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे खरं का?

उलट आहे. वायुकोश ओले असतात आणि ओलाव्याचा ताण त्यांना मिटवू पाहतो. तो ताण कमी करणारा एक स्निग्ध पदार्थ वायुकोशाच्याच काही पेशी तयार करतात. गर्भात तो साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बनायला लागतो आणि चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. तो नसेल तर प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड. वेळेआधी जन्मलेली बाळं याच्याच कमतरतेने जात होती, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी यांनी आईला प्रसूतीआधी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात हे सिद्ध केलं. आजही तेच इंजेक्शन देतात. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

बाळ जोरात श्वास घेतंय हे ओळखायचं कसं?

अंगडं वर करून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघत मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पोट उडतंय, बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत जातोय, बाळ अंगावर पीत नाही, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मेळघाटात अजून कुठे कुठे अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याने रोग तसाच राहतो आणि वर भाजल्याची जखम होते.

हे मोजणं किती मोलाचं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटले, तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निरक्षर दाईला पन्नासपर्यंत आकडे मोजता येत नसत. तिच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या तारा असलेलं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

उचकी म्हणजे काय?

श्वासपटलाला अचानक आचका बसतो, हवा आत खेचली जाते आणि तेवढ्यात स्वरयंत्राचं दार आपटतं. तो आपटल्याचा आवाज. बहुतेक उचक्या आपोआप जातात. दोन दिवसांच्या वर टिकली तर दाखवा.

लेहला विमानाने गेलं की पहिल्या दिवशी डोकं का दुखतं?

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच आहे, पण साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर काही वाटलं नाही म्हणून लेहलाही वाटणार नाही, असा हिशेब चालत नाही. पहिले दोन दिवस नुसते झोपून-बसून काढा. चालताना तोल जात असेल, बसल्या जागी दम लागत असेल तर ताबडतोब खाली उतरणं हेच औषध.

गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली धूळ निघते का?

गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसात त्याचा काही संबंध येत नाही. श्वासनलिकेला आतून सूक्ष्म लव असते, ती चिकट द्रावाचा थर धुळीसकट सतत वर घशाकडे ढकलत असते. सफाई करते ती ही लव. सिगारेट-बिडीचा धूर तिलाच लुळी करतो. सोडल्यावर ती काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा कामाला लागते, म्हणून सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. तेवढ्यावरून ‘सोडल्यानेच त्रास झाला’ म्हणत परत ओढू नका. मोडलेले वायुकोश मात्र परत येत नाहीत. चुलीचा धूर सिगारेट न ओढणाऱ्या बाईच्या फुप्फुसाचं तेच करतो. आणि बंद खोलीतली मच्छर कॉइल? एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी स्वस्त पडते.

खोकला किती दिवस अंगावर काढावा?

दोन आठवडे. त्यापुढे गेला, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. नमुना देताना सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरा, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढा आणि तो डबीत द्या. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया जाते.